टायपिंग, जुने फॉन्ट आणि कांद्याचा भाव: एकाच पिशवीत किती दिवस?

ताई, नमस्कार. मी नाशिकला सातपूरमध्ये राहते. दिवसा अंबडच्या एका कंपनीत नोकरी, आणि रात्री जेवणं झाली की माझ्या ब्राउझर एक्सटेन्शनवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर काम. चार वर्षांपूर्वी ते सुरू केलं तेव्हा एवढंच डोक्यात होतं की कुठल्याही वेबसाइटवर सरळ मराठी टाइप करता यावं. मग शब्दावर दोनदा क्लिक केलं की अर्थ दाखवणारा शब्दकोश जोडला. पुढे शालिमारजवळच्या एका डीटीपीवाल्या काकांसाठी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा मोबाइलवर वाचता येईल अशा रूपात आणणारी, आणि उलटही करणारी सोय केली. कुठलं जुनं अक्षर म्हणजे कुठलं नवं, अशा जोड्या काकांनी त्यात स्वतः भरल्या. शेवटी, लासलगावला माझे मामा कांद्याचे व्यापारी आहेत, त्यांच्यासाठी आयकॉनवरच बाजार समितीतला भाव दिसेल असं केलं. या शेवटच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांचं एक्सटेन्शन आपोआप बंद पडलं. त्यापुढचं अपडेट तर लोक जिथून एक्सटेन्शन घेतात त्या क्रोम वेब स्टोअरने ‘उद्देश एक नाही’ म्हणून परत पाठवलं. डीटीपीवाले काका विचारतात, ‘मला नुसता फॉन्ट बदलायचाय, त्याला माझ्या सगळ्या वेबसाइट वाचायची परवानगी कशाला?’ एक मित्र म्हणतो, चार तुकडे कर, कोडही स्वच्छ होईल. दुसरा म्हणतो, तुकडे केलेस की माणसं पांगतील आणि कमावलेलं नाव जाईल. साधारण साडेतीन हजार लोक वापरतात. काय करू?
— अक्षरवेडी, सातपूर

प्रिय अक्षरवेडी,

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. चार तुकडे करू नकोस. टायपिंग आणि शब्दकोश एकत्रच राहू देत. फॉन्ट बदलण्याचं काम वेगळ्या एक्सटेन्शनमध्ये ने. कांद्याचा भाव सगळ्यांच्या आयकॉनवरून काढ. मामांसाठी तो कसा चालू ठेवायचा ते शेवटी सांगते.

तुझा पहिला मित्र कोडकडे बघून बोलतोय. पण कोड स्वच्छ करायला एक्सटेन्शन फोडावं लागत नाही. एकाच एक्सटेन्शनच्या पोटात चार भाग नीट वेगळे ठेवता येतात, त्यांच्या फाइली वेगळ्या, चाचण्या वेगळ्या, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ते काम तू या रविवारी कुणाला न विचारता सुरू करू शकतेस. दुसरा मित्र आकड्याकडे बघतोय, आणि त्याची भीती खरी आहे, तिच्याकडे मी येणारच आहे. पण दोघांनीही डीटीपीवाल्या काकांचा प्रश्न ऐकलेला दिसत नाही. मला विचारशील तर तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यांत मोलाचं वाक्य त्यांचं आहे. एखादं काम कोण वापरतं, आणि त्या कामासाठी त्याच्याकडून कुठली परवानगी घ्यावी लागते, या दोन्ही गोष्टी जिथे एकदम बदलतात तिथे एक्सटेन्शन तोडावं. काकांच्या बाबतीत दोन्ही बदलतात.

स्टोअरचं म्हणणं नीट समजून घे, कारण नकाराचं पत्र वाचून माणूस घाबरतो आणि नको तितकं तोडतो. क्रोम वेब स्टोअरचा ‘एकच उद्देश’ हा नियम डिसेंबर २०१३ पासूनचा आहे. उद्देश आटोपशीर आणि समजायला सोपा असावा, एकमेकांशी संबंध नसलेल्या कामांची मोट बांधून ती लोकांच्या गळ्यात घालू नये, आणि दोन कामं उघडच वेगळी असतील तर ती दोन एक्सटेन्शनमध्ये ठेवावीत, म्हणजे हवं ते घेता येईल आणि नको ते काढता येईल, असा त्याचा आशय. एका एक्सटेन्शनला एकच बटण असावं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ‘वेबवर मराठी लिहायला मदत’ या एका उद्देशात टायपिंग बसतं, शब्दाचा अर्थ बघणंही बसतं. लासलगावचा भाव त्यात कितीही ओढून बसवला तरी बसत नाही. स्टोअरच्या डॅशबोर्डवर गोपनीयतेच्या पानावर उद्देश लिहायची एक चौकट असते आणि खाली प्रत्येक परवानगीचं कारण विचारलेलं असतं. ते पान आत्ता उघड, आणि काका समोर खुर्चीवर बसलेत असं समजून प्रत्येक कारण मराठीत लिहून बघ. जिथे लिहिताना तू अडखळशील तिथेच तपासणाराही अडखळलेला असणार.

आता एक्सटेन्शन बंद का पडलं ते. भाव आणण्यासाठी तू बाजारभावाच्या वेबसाइटची परवानगी वाढवलीस का? एकट्या तिनेच असं झालं असेल, असं मला वाटत नाही. तुझ्या टायपिंगला आधीच सगळ्या वेबसाइटची परवानगी असेल तर एक वेबसाइट वाढल्याने नवी सूचना येत नाही. माझा अंदाज असा, की त्याच अपडेटमध्ये तू आणखी काहीतरी मागितलंस, बहुधा भाव बदलला की सांगण्यासाठी नोटिफिकेशनची परवानगी. नव्या परवानगीमुळे वापरणाऱ्याला नवी सूचना दाखवावी लागणार असेल, तर तो ‘हो’ म्हणेपर्यंत क्रोम एक्सटेन्शन बंद ठेवतं. लोक ती सूचना वाचत नाहीत, त्यांना एवढंच कळतं की मराठी उमटत नाही. शिक्षकाचा निकाल लिहायचा राहतो, कुणाचा अर्ज अर्धवट राहतो, आणि शिव्या तुला बसतात. म्हणून आजपासून कुठलीही नवी परवानगी ‘ऐच्छिक’ या यादीत टाक. ती त्या माणसाने ते बटण दाबलं तरच मागितली जाते, आणि बाकीच्यांचं काम थांबत नाही. उलट बाजूने बघ: परवानगी कमी करणारं अपडेट कुणालाही न अडवता पोचतं. म्हणजे फॉन्ट आणि भाव बाहेर काढलेस तर जुन्या वापरणाऱ्यांना त्याचा त्रास नाही.

तोडण्याआधी परवानग्या आटतात का, हेही बघून घे. कधी कधी तेवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो. ‘सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही ओळ बघून माणूस दचकतो आणि त्याने दचकलंच पाहिजे. टॅब झोपवून मेमरी वाचवणारं ‘द ग्रेट सस्पेंडर’ आठवतं का? लाखो लोकांचं आवडतं एक्सटेन्शन, २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड असल्यामुळे गूगलने ते काढून टाकलं. विश्वास मूळ लेखकावर होता, परवानगी मात्र नव्या मालकाच्या हाती आयती गेली. तुझं टायपिंग तर प्रत्येक कळ बघतं. त्यामुळे पासवर्डच्या चौकटीत तुझी स्क्रिप्ट, म्हणजे पानात उतरून चालणारा तुझा कोड, एक अक्षरही ऐकणार नाही याची खात्री कर, आणि तसं वर्णनात स्पष्ट लिही.

शब्दकोशाला ही रुंद परवानगी खरं म्हणजे लागत नाही. शब्द निवडून उजवं क्लिक केलं की मेन्यूतून तो निवडलेला शब्द एक्सटेन्शनला मिळतो, आणि ‘अ‍ॅक्टिव्ह टॅब’ या परवानगीने तेवढ्या टॅबवर, तेवढ्यापुरता अर्थ दाखवता येतो. त्यासाठी कुठलीही भीतीदायक सूचना येत नाही. टायपिंगला हीच युक्ती लावायचा विचार तुझ्या मनात येईल, लावू नकोस. त्या परवानगीचा अंमल माणूस दुसऱ्या वेबसाइटवर गेला की संपतो, आणि दर वेळी आयकॉन दाबून मराठी सुरू करावं लागलं तर लोक चार दिवसांत कंटाळतील. टायपिंगला रुंद परवानगी हवीच, आणि ती का हवी हे मराठीत सरळ सांगता येतं.

मग तू म्हणशील, शब्दकोश कमी परवानगीत चालतो तर तोही वेगळा का नको? कारण माणूस बदलत नाही. मराठी लिहिणाऱ्यालाच शब्द अडतो, आणि त्याने टायपिंगसाठी ती परवानगी आधीच दिलेली असते. शिवाय तुझं दोनदा क्लिक करणं लोकांच्या हातात बसलंय. ते ठेवून शब्दकोश वेगळा काढलास तर प्रत्येक पानावर दोन एक्सटेन्शनच्या स्क्रिप्ट उतरतील, दोन्ही त्याच चौकटीवर कान लावून बसतील, आणि कुणाची आधी चालते यावरून तुझ्या रात्री जातील. कीबोर्ड शॉर्टकट दोघांनी एकच मागितला तर एकाला मिळणार नाही. नवं एक्सटेन्शन टाकलं की त्याचा आयकॉन कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हामागे लपतो, तो पिन करायला प्रत्येकाला शिकवावं लागतं. मेमरीची काळजी मात्र करू नकोस. मागे चालणारा सर्व्हिस वर्कर काम नसलं की अर्ध्या मिनिटात झोपतो. जड पडतात त्या पानापानावर उतरणाऱ्या स्क्रिप्ट.

हे मी अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी मी शिक्षकांसाठी केलेलं एक छोटं साधन उत्साहाच्या भरात चार भागांत तोडलं. प्रत्येकात तारीख मराठीत दाखवणारा तोच कोड चिकटवला. त्यात एक चूक निघाली, ती मी तीन ठिकाणी दुरुस्त केली आणि चौथीकडे विसरले. त्या चौथ्यावर विसंबलेल्या एका शाळेच्या परीक्षेच्या वेळापत्रकात दोन पेपरांच्या तारखा चुकल्या. पोरं चुकीच्या विषयाचा अभ्यास करून आली होती. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. म्हणून मराठीच्या कामाची तू दोनच कर, आणि दोन्हींचा देवनागरीचा सामाईक कोड एकाच जागी ठेव. एकच रेपॉझिटरी, म्हणजे कोड साठवायची एकच जागा, त्यातून दोन एक्सटेन्शन तयार होतील अशी बांधणी. एक अक्षरही दोन ठिकाणी हाताने बदलायची वेळ येता कामा नये.

उलट मोहापासूनही सावध करते. कुणी सुचवेल की मेलसाठी वेगळं टायपिंग, फेसबुकसाठी वेगळं, सरकारी अर्जांसाठी वेगळं. एकाच कामाची अनेक एक्सटेन्शन टाकणं स्टोअरच्या नियमात बसत नाही, आणि तुझ्या एका जिवाला ते झेपणारही नाही.

आता फॉन्टकडे येऊ. या भागाबद्दल मला सगळ्यांत जास्त आस्था आहे. नाशिकच्या छापखान्यांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलाय: लग्नपत्रिका, स्मरणिका, देवस्थानांची पत्रकं, दिवाळी अंकांची पानं. पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी येत नाही, म्हणून अजूनही लोकांना उलटा प्रवास करावा लागतो, मोबाइलवर आलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये न्यावा लागतो. हे काम करणारा माणूस दिवसभर मराठी टाइप करणाऱ्या शिक्षिकेपेक्षा वेगळा आहे. त्याला तुझं टायपिंग नको, त्याचा हात त्याच्या जुन्या कीबोर्डवर बसलेला आहे. आणि त्याच्या कामाला परवानगी किती लागते? एकही नाही. एक पान उघडायचं, एका चौकटीत मजकूर चिकटवायचा, दुसऱ्या चौकटीतून उचलायचा. क्लिपबोर्ड आपणहून वाचायची सोय द्यायचा मोह टाळ, कारण तिला पुन्हा सूचना येते. माणसाने स्वतः कंट्रोल व्ही दाबला तर काहीच मागावं लागत नाही. काकांना दाखवशील तेव्हा परवानगीची यादी रिकामी असेल. त्यांच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही.

दुसऱ्या मित्राची भीती आता घेऊ. नवं एक्सटेन्शन म्हणजे नवा आयडी, शून्य वापरणारे, शून्य अभिप्राय. जुन्याचे लोक आपोआप नव्याकडे नेता येत नाहीत, आणि एक एक्सटेन्शन दुसरं गुपचूप टाकूही शकत नाही. लिंक द्यायची, माणसाने स्टोअरवर जाऊन स्वतः घ्यायचं. म्हणून जुना आयडी टायपिंगकडेच राहू दे. बहुतेक लोक त्यासाठीच आले असणार. पण माझ्या अंदाजावर जाऊ नकोस. आलेल्या मेल बसून वाच आणि कोण कशासाठी लिहितंय याचे ढीग कर. लोक काय वापरतात हे मोजायला टायपिंगच्या एक्सटेन्शनमध्ये पाळत ठेवणारा कोड मात्र घालू नकोस, तो उघडपणे जाहीर करूनही नको.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं अपडेट फक्त भाव आणि त्याच्या परवानग्या काढणारं असू दे, म्हणजे स्टोअरची हरकत ज्यावर आहे ते आधी जाईल. मग फॉन्टचं नवं एक्सटेन्शन स्टोअरवर दे आणि ते मंजूर होईपर्यंत जुन्यातलं फॉन्टचं बटण हलवू नकोस. मंजूर झालं की जुन्यात त्या बटणाशेजारी एक ओळ घाल: हे आता वेगळं मिळतं, ही लिंक. दिवाळीच्या आसपास पत्रिकांचं आणि अंकांचं काम जोरात असतं, त्या दिवसांत बटण काढू नकोस. काही महिन्यांनी, काकांसारखी चारसहा नेहमीची माणसं नव्यावर रुळली आहेत असं स्वतः विचारून खात्री झाली, की मग काढ.

एक धोका फार लोक विसरतात. काकांनी स्वतः भरलेल्या अक्षरांच्या जोड्या जुन्या एक्सटेन्शनच्या साठ्यात आहेत. नव्याला तो साठा वाचता येत नाही, प्रत्येकाचं कपाट वेगळं आणि किल्ली त्याची त्याच्याकडे. आणि एक्सटेन्शन काढून टाकलं की त्याचं कपाटही जातं. ‘जुनं काढा, नवं घ्या’ असं कुणी काकांना सांगितलं तर त्यांची वर्षांची मेहनत एका क्लिकमध्ये जाईल. जुन्यातून नव्याला निरोप पाठवून त्या जोड्या हलवता येतात, फक्त येणारा निरोप तुझ्याच आयडीचा आहे हे नव्याने तपासलं पाहिजे, कारण मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे एक्सटेन्शनची माहिती असलेल्या फाइलमध्ये, वेगळं सांगितलं नसेल तर दुसरं कुठलंही एक्सटेन्शन निरोप पाठवू शकतं. त्याबरोबर ‘फाइलमध्ये जतन करा’ हे साधं बटणही दे. काकांना फाइल पेनड्राइव्हवर ठेवलेली असली की रात्री झोप लागते. सगळ्या संगणकांवर आपोआप जाणाऱ्या साठ्यात या जोड्या कोंबू नकोस, तिथे एकूण सुमारे १०० केबी आणि एका नोंदीला ८ केबी एवढीच जागा असते.

राहिला कांदा. तुझ्या लिहिण्यावरून वाटलं की हा भाव काढायला तुझं मन धजत नाही, कारण तो मामांसाठी केलेला आहे. तो मारू नकोस. भावाचं छोटंसं वेगळं एक्सटेन्शन कर, त्याला त्या एकाच वेबसाइटची परवानगी दे, आणि स्टोअरवर टाकताना ते ‘अनलिस्टेड’ ठेव. म्हणजे शोधून सापडत नाही, लिंक असलेल्यालाच मिळतं. मामा आणि त्यांच्या गाळ्यावरची दोनचार माणसं वापरतील. क्विंटलचा भाव बहुतेक वेळा चार आकड्यांचा असतो आणि आयकॉनवरच्या पट्टीत चारच अक्षरं बरी बसतात, तेव्हा तुझी ती कल्पना मुळात चांगलीच होती. फक्त भावाशेजारी तो कुठल्या तारखेचा हेही माउस नेल्यावर दिसू दे. सुट्टीच्या दिवशी लिलाव होत नाही, आणि परवाचा भाव आजचा समजून कुणी सौदा करायला नको. ती वेबसाइट आपली मांडणी बदलेल तेव्हा हे मोडणार. मामा फोन करतील, तू दुरुस्त करशील. साडेतीन हजार लोकांचं मराठी त्यासाठी अडणार नाही.

फॉन्टचं नवं एक्सटेन्शन स्टोअरवर देण्याआधी ‘निर्मिती’ हा एक शब्द दोन्ही दिशांनी चालवून बघ. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलटं. ‘निर्मिती’च्या मधल्या अक्षरावर दोन्ही एकदम येतात. तो सरळ निघाला की ‘आशीर्वाद’ आणि ‘कार्तिकी’ बघ. माझ्या वडिलांनी गोदाघाटावर लिहिलेल्या सात लेखांची एक फाइल माझ्याकडे जुन्या फॉन्टमध्ये पडून आहे. आज ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तुझं तयार झालं की कळव, ती फाइल तुला पाठवते.

— तुझी ताई